कब कॅडेट १२२ चा रेग्युलेटर: आपल्याकडचा कटआउट आणि इथला डेल्को, दोघांची फील्ड उलटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पेनसिल्व्हेनियात एका शेतकऱ्याकडून १९६६ चा कब कॅडेट १२२ हा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर घेतलात, खोलून पावडर कोटिंग करून घेतलं, वायरिंग सगळं नवीन, रेग्युलेटरही (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा डबा) नवीन. शेवटी "पोलराइज करायचं असतं" (क्षणभर करंट देऊन जनरेटरच्या चुंबकाची दिशा ठरवायची) हे लहानपणापासून माहीत होतं, म्हणून गावाकडे वडील बी-२७५ ट्रॅक्टरच्या डायनॅमोला (जनरेटरला) करायचे तसं बॅटरीच्या वायरचा F ला स्पर्श केला, जोरात निळी ठिणगी उडाली, थोडा धूर आला. आता इंजिन मस्त चालू होतं पण अॅमीटरचा काटा मायनसकडेच राहतो आणि दोन वेळा गवत कापलं की बॅटरी उतरते. दुसरा रेग्युलेटर मागवू का, की जनरेटरच गेलाय?

आधी सांगतो, जनरेटर बहुतेक ठीक आहे. रेग्युलेटर गेलाय, आणि तो त्या ठिणगीत गेला. पण दुसरा बसवायच्या आधी हे पूर्ण वाचा, कारण कारण समजल्याशिवाय बसवलात तर तोही जाईल.

मी कराडला आठ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात काढली, डायनॅमो, सेल्फ, कटआउट, हेच काम. नंतर ओहायोला आलो आणि इथे गेली वीसेक वर्षं शनिवार-रविवार जुने गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करतो. तुम्ही केलीत तीच चूक मी इथे आल्यावर पहिल्याच ट्रॅक्टरवर केली होती, म्हणून ठिणगीचं वर्णन वाचल्याबरोबर कळलं.

गंमत बघा, दोन्ही ट्रॅक्टर एकाच घराण्यातले. कब कॅडेट इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६० पासून केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात बनवायला सुरुवात केली. आणि तुमच्या वडिलांचा बी-२७५ म्हणजे महिंद्राने त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर मुंबईत कांदिवलीला बनवलेला. पण बी-२७५ चं डिझाइन मूळचं ब्रिटनचं, ब्रॅडफर्डच्या कारखान्याचं, त्यामुळे त्याची इलेक्ट्रिक लाइन लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची. कब कॅडेटला अमेरिकेच्या डेल्को-रेमी कंपनीची. नाव एक असलं तरी आतली फील्ड कॉइल (चुंबक तयार करणारी) एकमेकांच्या बरोब्बर उलट जोडलेली आहे आणि तुमचा सगळा घोटाळा तिथे झाला.

लुकासच्या डायनॅमोत फील्ड कॉइलचं एक टोक आतच बॉडीला अर्थ केलेलं असतं. दुसरं टोक म्हणजे F. कटआउटच्या डब्यातला रेग्युलेटर या F ला D कडून (डायनॅमोच्या आउटपुट टर्मिनलकडून) प्लस सप्लाय देतो, जास्त व्होल्टेज झालं की तोडतो. म्हणून लुकासला चेक करताना आपण D आणि F एकत्र जोडतो आणि पोलराइज करताना F ला बॅटरीचा टच देतो. बरोबर आहे ते, त्या डायनॅमोसाठी.

डेल्कोमध्ये फील्डचं एक टोक आतून A या आउटपुट टर्मिनलला, म्हणजे इन्सुलेटेड कार्बन ब्रशच्या बाजूला जोडलेलं आहे. प्लस त्याला तिथूनच मिळतं. दुसरं टोक F म्हणून बाहेर येतं आणि रेग्युलेटरच्या पॉइंटमधून (उघडझाप करणाऱ्या संपर्कातून) अर्थ होतं. म्हणजे इथे रेग्युलेटर फील्डचा अर्थ जोडतो-तोडतो. इथले लोक याला A सर्किट म्हणतात आणि लुकाससारख्याला B सर्किट.

आता विचार करा तुम्ही काय केलंत. इंजिन बंद असताना रेग्युलेटरचे पॉइंट एकमेकांना टेकलेले असतात, म्हणजे F टर्मिनल पॉइंटमधून सरळ बॉडीला. त्यावर बॅटरीचा प्लस ठेवला म्हणजे बॅटरी त्या बारीकशा पॉइंटमधून डायरेक्ट शॉर्ट! दीड-दोन अँपिअर फील्डचा करंट सांभाळायला बनवलेले पॉइंट, त्यातून शेकड्याने अँपिअर गेले. ते जळून काळे पडले की फील्डला नीट अर्थ मिळत नाही, फक्त डब्याखालच्या रेझिस्टन्समधून थोडा करंट जातो, फील्ड कमजोर, चार्जिंग नाही. तुमचं हेच झालंय. कधी कधी उलटं होतं, पॉइंट वितळून चिकटतात, मग फील्ड कायम फुल आणि बॅटरी १६-१७ व्होल्टवर उकळायला लागते. झाकण काढून बघा, काळे पडलेत की चिकटलेत ते डोळ्याने दिसेल.

आणखी एक गोष्ट. F ला प्लस दिल्यावर थोडा करंट फील्डमधून उलट्या दिशेने, F कडून A कडे आणि आर्मेचरमधून (आतल्या फिरणाऱ्या भागातून) अर्थला जातो. म्हणजे पोलराइज करायला गेलात आणि फील्डचं चुंबक उलटं केलंत. साध्या डेल्को जनरेटरवर याने पोलॅरिटी उलटते आणि इंजिन चालू केल्यावर कटआउटचे (रेग्युलेटरच्या डब्यातला, जनरेटर आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा रिले) पॉइंट जळतात. तुमचं नशीब असं की १२२ ला वेगळा जनरेटर नाहीच, स्टार्टर-जनरेटर आहे. एकच मशीन पट्ट्यावरून इंजिन फिरवतं आणि इंजिन चालू झालं की त्याच पट्ट्यावरून चार्जिंग करतं. सेल मारताना (स्टार्टर फिरवताना) बॅटरीचा प्लस A वर येतो आणि फील्डमधून F कडे, म्हणजे बरोबर दिशेने करंट जातो. त्यामुळे पुढच्याच सेलला ते बऱ्यापैकी परत सुलट झालं असणार.

तरीही रेग्युलेटर बदलला किंवा मशीन काढून बसवलं की मी पोलराइज करतोच. डेल्कोची पद्धत अशी, सगळ्या वायरी जोडून झाल्या, इंजिन बंद, मग वायरचा एक तुकडा घ्यायचा आणि रेग्युलेटरच्या BAT (बॅटरी) आणि GEN (जनरेटर) या दोन टर्मिनलमध्ये क्षणभर टेकवायचा. नुसता टच. बारीक ठिणगी दिसली की झालं. ट्रॅक्टरचा गिअर न्यूट्रलला असला पाहिजे कारण तो क्षणभर मोटरसारखा झटका देऊ शकतो, पट्ट्याजवळ हात नको. F ला बॅटरीचा प्लस कुठल्याही परिस्थितीत लावायचा नाही.

आता जनरेटर खरंच ठीक आहे का ते रेग्युलेटर मागवायच्या आधी बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. इंजिन चालू करा, थ्रॉटल अर्ध्यावर, लाइट बंद. मल्टिमीटरचा लाल प्रोब जनरेटरच्या A टर्मिनलवर, काळा इंजिनच्या उघड्या धातूवर. बॅटरीवर नको, A वरच, कारण कटआउटही गेला असेल तर बॅटरीवर काहीच वाढ दिसणार नाही आणि तुम्ही चांगल्या जनरेटरला दोष द्याल. मग रेग्युलेटरवरून F ची वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या बॉडीला टेकवा. व्होल्टेज झपकन वर गेलं, १५ च्या पुढे, की जनरेटर ठणठणीत. तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरू नका कारण त्या वेळी त्याच्यावर कुणाचाच कंट्रोल नसतो. काहीच वाढलं नाही तर मग कार्बन, कॉम्युटेटर (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्या, ज्यांवर कार्बन घासतात) किंवा फील्ड.

तसं झालंच तर मशीन काढून टेबलावर घ्या. कार्बन निम्म्यापेक्षा जास्त झिजले असतील तर बदला, स्प्रिंगही बघा, गंजलेली स्प्रिंग कार्बनला दाबत नाही. कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, एमरी पेपर वापरू नका, एमरीचे कण दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत बसून शॉर्ट करतात. खाचेतला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर तो थोडा खाली उतरवावा लागतो, नाहीतर कार्बन उड्या मारतो.

ते मशीन तुम्ही दुसऱ्या कुणाकडून घेतलेलं असेल, किंवा कधी रिवाइंड झालं असेल, तर A सर्किट आहे याची खात्री करून घ्या, कारण रिवाइंडवाल्याने टोक कुठे जोडलं सांगता येत नाही. दोन्ही कार्बनच्या खाली जाड कागदाचा तुकडा सरकवा म्हणजे आर्मेचर वेगळं झालं. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून A आणि F मध्ये बघा, काही ओहम दाखवले पाहिजेत. F आणि बॉडीमध्ये बघा, काहीही दाखवलं नाही पाहिजे. असं आलं की A सर्किट. F ते बॉडी ओहम दाखवले आणि A ते F उघडं, तर ते B झालं. कागद न घालता मोजलंत तर आर्मेचरमधून सगळं जोडलेलं दिसेल आणि तुम्ही गोंधळाल, हे मी मुद्दाम सांगतो कारण प्रत्येक जण इथेच चुकतो.

नवीन रेग्युलेटर घेताना १२ व्होल्ट, निगेटिव्ह ग्राउंड, A सर्किट आणि स्टार्टर-जनरेटरसाठीचा, हे चारही शब्द बघून घ्या. नुसतं "ट्रॅक्टरसाठी १२ व्होल्ट" लिहिलेला घेऊ नका. B चा रेग्युलेटर या मशीनला लावला तर तो अर्थ तोडायच्या ऐवजी F ला प्लस द्यायला बघेल, फील्ड चालणारच नाही.

आता वायरिंग. तीन टर्मिनल, BAT, GEN आणि F. BAT ची वायर सोलेनॉइडच्या (स्टार्टरचा करंट जोडणारा स्विच) त्या बोल्टवर जाते जिथे बॅटरीची जाड केबल येते, मध्ये अॅमीटर असेल तर अॅमीटरमधून. GEN ची वायर जनरेटरच्या मोठ्या A बोल्टवर, किंवा सोलेनॉइडच्या दुसऱ्या बोल्टवर जिथून स्टार्टरची केबल निघते, दोन्ही एकच. F ची वायर जनरेटरच्या छोट्या F ला. संपलं. तीनच वायरी आहेत पण तीन वायरींमध्ये किती चुका होतात ते मी बघितलंय म्हणून थोडं थांबून सांगतो.

GEN ची वायर चुकून सोलेनॉइडच्या बॅटरीच्या बाजूला लावली तर कटआउटच्या कॉइलला चोवीस तास सप्लाय राहतो आणि बॅटरी उतरत जाते, ट्रॅक्टर शेडमध्ये नुसता उभा असताना. लोक मग तीन-तीन बॅटऱ्या बदलतात. BAT ची वायर स्टार्टरच्या बाजूला लावली तर BAT आणि GEN एकाच ठिकाणी आले, म्हणजे जनरेटर तयार करतोय पण बॅटरीपर्यंत रस्ताच नाही. आणि GEN आणि F ची अदलाबदल सगळ्यात वाईट, कारण सेल मारल्याबरोबर A वरचा बॅटरीचा पूर्ण जोर F च्या पॉइंटमधून अर्थला जातो, म्हणजे तुम्ही हाताने केलंत तेच परत, फक्त जास्त वेळ. म्हणून वायरींचे रंग वेगवेगळे ठेवा आणि टोकाला टेपवर लिहून ठेवा. BAT आणि GEN ला १२ गेजची वायर घ्या, F ला १६ चालते. लग चांगल्या पकडीने दाबा, मी वरून सोल्डर करतो आणि स्लीव्ह चढवतो, तुमचं कोलर इंजिन सिंगल सिलिंडर आहे, व्हायब्रेशन प्रचंड, नुसती पिळलेली वायर एक सीझन टिकत नाही.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस पहिला काढायचा आणि शेवटी जोडायचा. हे तुम्हाला माहीत असेलच, तरी.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तुमच्या बाबतीत तर नक्कीच, कारण तुम्ही पावडर कोटिंग केलंय. अर्थ. कराडला आमचे उस्ताद गाडी दुकानासमोर लागली की बाकी काही विचारायच्या आधी टेस्ट लॅम्प घेऊन अर्थ बघायचे. डेल्कोमध्ये तर रेग्युलेटरचं अख्खं काम अर्थवर चालतं. फील्डचा अर्थ रेग्युलेटरच्या पत्र्यातून जातो, व्होल्टेज ओळखणारी कॉइलही त्याच पत्र्याला अर्थ आहे. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचा थर, इन्सुलेशनच. पत्र्याला अर्थ अजिबात नसला तर चार्जिंग शून्य. अर्धवट असला तर त्याहून वाईट, रेग्युलेटरला खरं व्होल्टेज कळत नाही, कधी कमी कधी जास्त चार्ज करतो, आणि तुम्ही महिनाभर भूत शोधत बसता.

तेव्हा रेग्युलेटरचे स्क्रू जिथे बसतात तिथलं कोटिंग नाण्याएवढं खरवडा, उघडा धातू दिसला पाहिजे, खाली दातेरी वॉशर घाला. पत्र्याखाली रबर असेल तर रबराला ओलांडून जाणारी अर्थची पट्टी किंवा वायर आहे का बघा. जनरेटरच्या ब्रॅकेटलाही कोटिंग केलं असेल तर तिथेही तेच करा, स्टार्टिंगचा पूर्ण करंट त्याच ब्रॅकेटमधून परत येतो, तिथे अर्थ कच्चा असला तर सेलही सुस्त मारतो. आणि वर एक स्वतंत्र वायर, रेग्युलेटरच्या पायाच्या स्क्रूपासून इंजिन ब्लॉकपर्यंत. कंपनीने ती दिली नव्हती. मी प्रत्येक ट्रॅक्टरला घालतो. खरवडलेल्या जागी थोडं ग्रीस चोपडा, ओहायो-पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात उघडं लोखंड लगेच गंजतं.

अर्थ झाला का हे नुसतं बघून ठरवू नका. इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर, लाइट चालू, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब रेग्युलेटरच्या पत्र्यावर आणि दुसरा बॅटरीच्या मायनसवर. ०.१ व्होल्टच्या आत असावं. जास्त आलं तर अजून खरवडायचंय.

रेडिओवर खरखर येते म्हणून किंवा कुणी सांगितलं म्हणून F टर्मिनलवर कंडेन्सर लावू नका, त्याने फील्डचे पॉइंट जळतात. जुन्या रेग्युलेटरचे पॉइंट साफ करून चालवायचा विचार असेल तर नुसते काळे पडलेत तर बारीक कानसीने साफ होतात, पॉलिश पेपर इथे अजिबात नको, कण पॉइंटमध्ये रुततात. तुमच्या ठिणगीनंतर मात्र ते वाचतील असं मला वाटत नाही.

पट्टा. हा स्टार्टरचाही पट्टा आणि चार्जिंगचाही. अंगठ्याने मध्यभागी दाबला की साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. ढिला असला तर सेल मारताना चीं-चीं आवाज येतो आणि चार्जिंगला स्लिप होतो. खूप ताणलात तर बेअरिंग जातं. नवीन पट्टा दोन-तीन तासांनी ढिला होतोच, तेव्हा परत ताणा.

सगळं झाल्यावर मोजायचं असं. चालू करायच्या आधी, रात्रभर शांत ठेवलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास. सेल मारताना १० च्या फार खाली जाऊ नये. मग इंजिन अर्ध्यापेक्षा जास्त थ्रॉटलवर पंधरा-वीस मिनिटं चालवा, रेग्युलेटर गरम होऊ द्या, कारण थंड असताना तो थोडं जास्त व्होल्टेज दाखवतो आणि लोक घाईने स्क्रू फिरवतात. गरम झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिर आलं की काम झालं. स्लो आयडलला अॅमीटर थोडा मायनसकडे गेला तर घाबरू नका, हा जुना जनरेटर आहे, कमी फेऱ्यांवर तो चार्ज करत नाही, आणि तुमच्या कोलर के३०१ चं इग्निशनही बॅटरीवरच चालतं त्यामुळे तेवढा करंट जातच असतो. याच कारणाने चार्जिंग नसताना तुमचं इंजिन आधी मिसफायर करायला लागलं असेल, तो कार्बुरेटरचा दोष नाही, कार्बुरेटर खोलू नका.

इंजिन बंद केल्यावर एकदा अॅमीटरकडे बघायची सवय लावा. काटा शून्यावर यायला हवा. जोरात मायनसकडे गेला आणि जनरेटरमधून गुणगुण आवाज आला तर कटआउट चिकटलाय, बॅटरी जनरेटरला मोटर समजून फिरवायला बघतेय, लगेच मायनस केबल काढा, वायरी जळू शकतात. म्हणून मी मायनसला पितळेचा फिरवायचा डिस्कनेक्ट बसवतो, पाना शोधत बसावं लागत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की शेजाऱ्याकडे कब कॅडेट १४५० आहे, त्याचा रेग्युलेटर ट्राय करून बघू का. नको! ते मॉडेल १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरचं, त्याच्यात स्टार्टर वेगळा आणि चार्जिंग फ्लायव्हीलखालच्या स्टेटरचं (स्थिर कॉइलचं). तो रेग्युलेटर म्हणजे पंख असलेला अॅल्युमिनियमचा डबा, तीन पिना, दोन बाजूच्या एसी आणि मधली बॅटरीची. तुमच्या मशीनमधून एसी निघतच नाही, त्यामुळे तो इथे काहीच करणार नाही. शेजाऱ्याचं चार्जिंग कधी गेलं तर दोन्ही एसी वायरी रेग्युलेटरवरून काढून फुल थ्रॉटलला, ३६०० आरपीएमवर, मीटर एसीवर ठेवून दोघींमध्ये मोजा, २८ व्होल्ट किंवा वर आलं तर स्टेटर चांगला, रेग्युलेटर बदला. त्याच्याही डब्याला बॉडी अर्थ पक्का लागतो, आणि त्याच्या ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचं झालं तर आधी रेग्युलेटरचं सॉकेट आणि बॅटरी काढायची, बॅटरी उलटी लागली तरी तो डबा त्याच क्षणी जातो.

उद्या आधी F ची वायर अर्थ करून A वर किती व्होल्ट येतात ते बघा आणि तो आकडा मला कळवा, रेग्युलेटरच्या पॉइंटचा फोटोही पाठवा. आकडा १५ च्या वर असेल तर ऑर्डर द्या, आणि तो येईपर्यंत कोटिंग खरवडून अर्थची वायर घालून ठेवा.